सातवीच्या मुलांना नोकरी शोधायला शिकवायचंय. सुरुवात कुठून करू?

खडूमास्तर

मंडळी, नमस्कार. मी भाषा शिकवतो. यंदा शुक्रवारचा शेवटचा तास कोणाच्या माथी मारायचा यावर स्टाफरूममध्ये बराच खल झाला आणि तो अखेर माझ्या गळ्यात पडला. विषय 'नोकरी कशी शोधावी'. वर्ग सातवी, मुलं ३८, वयं बारा-तेरा. एकूण आठ तास. सोबत साहित्य म्हणून एक छापील पान हातात ठेवलं. त्यावर बायोडेटाचा नमुना: नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये, छंद, ध्येय.

पहिल्या तासाला तो भरून घेतला. चूक माझीच. गोळा केलेली पानं घरी नेली आणि दहाव्या पानापर्यंत माझा धीर सुटला. छंद: वाचन. छंद: वाचन. छंद: वाचन. (यातली निम्मी पोरं ग्रंथालयाच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसतात.) ध्येय: 'नामांकित कंपनीत काम करून स्वतःचा व कंपनीचा विकास करणे.' हे वाक्य सहा जणांनी शब्दशः लिहिलंय, म्हणजे कुठून तरी उतरवलंय. अनुभवाच्या रकान्यात बहुतेकांनी आडवी रेघ मारली. एकीने कौशल्यांपुढे फक्त 'लाजाळू' एवढंच लिहिलं. ते वाचून मी पेन खाली ठेवलं.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. अर्ध्या वर्गाच्या सायकली तोच दुरुस्त करतो. मधल्या सुट्टीत चेन बसवतो, ब्रेक आवळतो, एकदा तर माझीही चेन त्याने बसवून दिली होती. त्याचा कौशल्यांचा रकाना कोरा. मी म्हटलं, "अरे, सायकल लिही की." तर म्हणाला, "सर, ते काय कौशल्य आहे का? ते तर येतंच."

आणि तास संपता संपता एका मुलीने विचारलं, "सर, मी अजून काहीच केलेलं नाही. मग मी लिहू काय?" मला उत्तर आलं नाही. घंटा झाली म्हणून सुटलो.

आता सात तास उरलेत. या वयाला बायोडेटा हे खूळ आहे असं मला वाटायला लागलंय, पण मग शिकवायचं तरी काय? कोणी असं काही केलं असेल तर सांगा. भाषणं नकोत, तासाला काय करायचं ते हवंय.

---

शंकासूर

मास्तर, तुम्हाला दोष देत नाही, पण हे चाललंय काय? बाराव्या वर्षी नोकरी? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा किमान वयाबद्दलचा करार १९७३ चा आहे, क्रमांक १३८. त्यात पूर्णवेळ कामासाठी साधारण पंधरा वर्षं धरलीत, विकसनशील देशांना चौदाची मुभा आहे. हलकं, शाळेच्या आड न येणारं काम तेराव्या वर्षानंतर, मुभा घेतली तर बारानंतर. आणि धोक्याचं काम साधारणपणे अठराच्या आत नाही. म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं कायद्याने पूर्णवेळ नोकरीला लागूच शकत नाहीत. मग न मिळणारी वस्तू शोधायला कशाला शिकवायची? त्यापेक्षा त्या तासाला मैदानावर सोडा. मी बाप म्हणून सांगतोय. माझी मुलगी याच वयाची आहे आणि तिला आत्ताच 'पुढे काय' या प्रश्नाने झोप येत नाही.

---

पाटीपेन्सिल

शंकासूर, मैदानाला माझा पाठिंबाच आहे. पण 'इतक्या लवकर कशाला' याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी शाळेत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काढली आहेत.

लिंडा गॉटफ्रेडसन या अभ्यासकाने १९८१ साली एक मांडणी केली. मुलं व्यवसाय निवडत नाहीत, आधी एकेक वगळत जातात. सहा ते आठच्या वयात 'हे मुलींचं, ते मुलांचं' म्हणून पहिली फुली. नऊ ते तेराच्या वयात 'हे आपल्या इभ्रतीला शोभत नाही' किंवा 'हे आपल्याला झेपणारच नाही' म्हणून दुसरी फुली. आणि एकदा फुली मारली की मुलं तिकडे पुन्हा वळून बघत नाहीत, कोणी मुद्दाम दाखवलं तरच बघतात. म्हणजे मास्तरांचा वर्ग नेमका दुसऱ्या फुलीच्या मध्यावर आहे. दहावीनंतर आपण मोठ्या थाटात मार्गदर्शन करतो, तेव्हा यादीत चार-पाच नावं उरलेली असतात.

त्यामुळे मास्तर, 'नोकरी शोधणे' याचा अर्थ या वर्गापुरता 'नोकऱ्या दिसणे' असा घ्या. माझा एक तास सांगते, हमखास चालतो. वर्गातली एक वस्तू उचला. मी डस्टर घ्यायचे. हे माझ्या हातात येईपर्यंत किती माणसांनी काम केलं? पोरं आधी म्हणतात 'कारखानेवाला आणि दुकानदार'. मग लाकूड कोणी कापलं, फेल्ट कोणी बनवलं, गोंद, खोका, खोक्यावरचं चित्र, ट्रक, ट्रकचा विमा, शाळेचं बिल मंजूर करणारा, ते तपासणारा. एका डस्टरवर फळा भरतो. मग विचारायचं, यातलं कोणतं काम तुम्हाला आजपर्यंत माहीतच नव्हतं? गृहपाठ तेवढाच.

आणि बायोडेटा फाडून टाका.

---

फाईल_क्र_७

फाडू नका हो ताई, त्यातला 'अनुभव' तेवढा फाडा. :)

मी नोकरीच्या दुसऱ्या बाजूला बसतो. अर्ज वाचणं हे माझं काम. ऐन भरतीत एका अर्जावर माझी पहिली नजर किती वेळ टिकते ते सांगितलं तर तुम्ही मला शिव्या द्याल. त्या नजरेत मी विशेषणं वाचतच नाही. मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, हे सगळेच लिहितात. मी क्रियापद शोधतो. या माणसाने काय *केलंय*?

मास्तर, तुमचा सायकलवाला तिथेच अडलाय. 'कौशल्य' हा शब्द त्याला फार मोठा वाटतो. त्याला 'मला... येतं' असं दहा वेळा लिहायला लावा. मला चेन बसवता येते. मला ब्रेक आवळता येतो. आवाजावरून बिघाड ओळखता येतो (हे विचारा त्याला, बहुधा येत असणार). मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: कधी, कोणासाठी? झाला अनुभव. 'मी काहीच केलेलं नाही' म्हणणारीलाही हेच. धाकट्या भावंडाला सांभाळते का? आजीच्या गोळ्यांची वेळ तिच्या लक्षात असते का? घरातल्या मोठ्यांना फोनवरचे फॉर्म कोण भरून देतं? माझा अंदाज, तीच.

दुसरं, बायोडेटाच्या आधी जाहिरात वाचायला शिकवा. हे मोठ्यांनाही येत नाही. 'अनुभव असल्यास प्राधान्य' आणि 'अनुभव आवश्यक' यातला फरक न कळल्यामुळे किती चांगली पोरं अर्जच करत नाहीत, मोजदाद नाही. तुम्ही भाषेचे शिक्षक आहात, तुमच्याइतकं हे कोण शिकवणार! फळ्यावर एक जाहिरात लिहा आणि तीन रंगांनी अधोरेखित करून घ्या: हवंच असं, असल्यास बरं असं, आणि नुसती सजावट. 'गतिमान वातावरणात काम करण्याची संधी' ही सजावट. शेवटी विचारा, यात काय *लिहिलेलं नाही*? कामाचे तास? पगार? ठिकाण? कोणाच्या हाताखाली? लिहिलेलं नाही ते विचारायचं असतं, हे पोरांना माहीतच नसतं.

आणि गंमत म्हणून लिओनार्दो द विंचीचं पत्र सांगा. १४८२ च्या सुमाराला मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला त्याने कामासाठी लिहिलेलं. मुद्दे ओळीने मांडलेत. सुरुवात कशाने? हलक्या, वाहून नेता येणाऱ्या पुलांनी. मग खंदकातलं पाणी काढणं, तोफा, झाकलेले रथ. चित्रकला पार शेवटी, 'शांततेच्या काळात हेही येतं' अशा थाटात. कारण समोरच्याला लढाईची चिंता होती. स्वतःला काय आवडतं हे आधी न सांगता समोरच्याला काय हवंय हे आधी ओळखणं, हा अख्खा धडा एका पत्रात आहे. मुलांना आधी सांगू नका कोणाचं पत्र आहे. शेवटी सांगा.

---

टाळंकिल्ली

मी बँकेत आहे, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. सातपैकी एक तास मला द्या.

ही मुलं नोकरी शोधणार कुठे? मोबाईलवर. आणि मोबाईलवर नोकरीच त्यांना शोधत येते. 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, रोज कमवा.' आधी थोडे पैसे खरंच देतात, मग 'पुढच्या टप्प्यासाठी' भरायला लावतात. दुसरा प्रकार त्याहून वाईट: 'तुझं खातं वापरू दे, तुला कमिशन.' चोरीचे पैसे त्या खात्यातून फिरतात आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. असा एक कोवळा खातेदार मी काउंटरपलीकडून पाहिलाय. त्याला शेवटपर्यंत कळत नव्हतं की त्याने नक्की काय केलं. तो म्हणत होता, "मी तर काम करत होतो."

वर्गात एवढंच पक्कं करा. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, कुठलंही नाव देऊन आधी पैसे मागितले की संपलं. ओटीपी कोणालाच नाही. मुलाखत फक्त चॅटवर आणि दहा मिनिटांत निवड, तर ती निवड नसून सावज हेरणं आहे. 'आजच उत्तर द्या' म्हटलं की उद्या द्यायचं. आणि सरावाचा बायोडेटा असला तरी त्यावर घरचा पत्ता, जन्मतारीख, फोटो घालू नका. सरावाचे कागदही कोणीतरी हौसेने ऑनलाइन टाकतं.

शंकासूर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या दृष्टीने हे आहे. कायदा त्यांना कामावर ठेवू देत नाही, पण ठग वय विचारत नाहीत.

---

शंकासूर

टाळंकिल्ली, हे पटलं. मुलीच्या फोनवर काय काय येतं ते आज बघतो. (तिला विचारून बघतो. नाहीतर घरात वेगळंच काही सुरू होईल.)

पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. आपल्यातल्या किती जणांना जाहिरात वाचून नोकरी लागली? मला नाही लागली. ओळखीने लागली. मग मुलांना खरं सांगणार की नाही?

---

पाटीपेन्सिल

सांगायचंच. पण 'ओळख' आणि 'वशिला' वेगळे करून सांगायचं. वशिला म्हणजे लायकी नसताना कोणीतरी आत ढकलतं. ओळख म्हणजे जागा आहे हे कोणीतरी तुम्हाला सांगतं. आत जायचं ते तुम्हीच.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या काही माणसांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 'नेहमी' म्हणणारे सहात जेमतेम एक. निम्म्याहून जास्त म्हणाले 'अधूनमधून', उरलेले म्हणाले 'क्वचितच'. कारण साधं आहे: जिवलग मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते.

मास्तर, मुलांना शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे सांगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. गिऱ्हाईक, मित्र नाही! पोराने टिपणं काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. त्याआधी रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तरही आलं नव्हतं. डेव्हीने भेट दिली, पण जागा नाही, बांधणीचं काम सोडू नकोस म्हणाला. काही आठवड्यांनी डेव्हीच्या प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारीवरून काढला गेला आणि डेव्हीला ते पुस्तक आठवलं. मार्च १८१३ पासून फॅरेडे तिथे कामाला. यात ओळख आहे, न आलेलं उत्तर आहे, नकार आहे, नशीबही आहे. ते काढून टाकू नका. फक्त एवढं विचारा: पुस्तक बांधून ठेवलं नसतं, तर डेव्हीला आठवलं काय असतं?

---

खडूमास्तर

उशिरा लिहितोय, माफ करा. शुक्रवारचे पाच तास झाले मध्ये. सगळं नाही जमलं, पण जे झालं ते सांगतो.

डस्टर उत्तम गेलं. दोन फळे पुरले नाहीत. 'डस्टर मऊ आहे की नाही हे तपासणारा माणूस' असतो का यावर भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.

शंकासुरांच्या प्रश्नावरून गृहपाठ दिला: घरच्या, शेजारच्या दोन मोठ्या माणसांना विचारा, 'तुम्हाला हे काम आहे हे पहिल्यांदा कसं कळलं?' फक्त तेवढंच. फळ्यावर रकाने करून रेघा मारत गेलो. 'कोणीतरी सांगितलं' हा रकाना इतका खाली उतरला की शेवटच्या रेघा बाकावर बसून माराव्या लागल्या. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे विचारलं तेव्हा खरी मजा आली. प्रवासात शेजारी बसलेला. भावाचा घरमालक. चुकून लागलेला फोन, हे एकाच्या काकाने सांगितलंय, मी पडताळलेलं नाही. मग एक पोरगा म्हणाला, "सर, तुमचं?" मला ही नोकरी माझ्या बहिणीच्या मैत्रिणीच्या वडिलांकडून कळली. सांगून टाकलं. वर्गात 'ओऽऽ' झालं. त्यावर वशिला की ओळख, यावर मतदान. ओळख जिंकली, थोडक्यात.

जाहिरात मी स्वतःच काढली, खरी. वर्गातल्या सहा जागा: कपाटाची किल्ली, ग्रंथपेटी, प्रोजेक्टर, भित्तिपत्रक, हजेरीचा तक्ता आणि नव्या मुलाला आठवडाभर शाळा दाखवणारा. मुद्दाम घोळ घातले. किल्लीच्या जाहिरातीत वेळ लिहिलीच नाही. 'सकाळी किती वाजता यावं लागेल' हे तिघांनीच विचारलं. त्या तिघांना कळलं की शाळेच्या आधी पंधरा मिनिटं यायचंय, आणि त्यातल्या दोघांनी अर्ज मागे घेतला. हेही शिकणंच की. अर्ज ईमेलने, घरच्यांच्या खात्यावरून. विषयाच्या ओळीत एकाने 'सर मी' एवढंच लिहिलं. पण त्याआधीच्या सरावात 'किलर_किंग_००७' असले पत्ते बघून झाले होते, त्यामानाने ही प्रगती.

मला जड गेला तो नकार. जागा ६, अर्ज करणारी मुलं ३७. एकतीस चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीत एक खरं वाक्य. 'तुझा अर्ज छान होता' असलं काही नाही. एकाला लिहिलं: 'प्रोजेक्टर बंद पडल्यास काय करशील, याचं उत्तर तू लिहिलं नाहीस.' दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहून माझ्या टेबलावर. आधी वायर बघीन, मग दुसऱ्या प्लगला लावून बघीन, मग तुम्हाला सांगीन. फॅरेडे त्याने मनावर घेतला की नुसता चिडला होता, कळलं नाही. पण महिन्याने जागा बदलणार आहेत, तेव्हा मला हा कागद आठवेल हे खरं.

सायकलवाल्याची यादी चौदा ओळींची झाली. आवाजावरून बिघाड ओळखतो का? ओळखतो. फाईल साहेब, मानलं तुम्हाला. यादीत बारावी ओळ अशी: 'ज्याची सायकल आहे त्याला न रागावता सांगता येतं की चूक त्याचीच आहे.'

टाळंकिल्ली, तुमचा तास पुढच्या शुक्रवारी. तुमचा तो 'मी तर काम करत होतो' वाला प्रसंग सांगू का? नाव-गाव काहीच न सांगता.

---

टाळंकिल्ली

जरूर सांगा.

---

फाईल_क्र_७

बारावी ओळ मी उतरवून घेतलीये. असा माणूस मला दोन वर्षं मिळत नाहीये.

'लाजाळू' लिहिणारीचं काय झालं, ते राहिलं.

---

खडूमास्तर

तिने कुठल्याच जागेसाठी अर्ज केला नाही. तासानंतर येऊन म्हणाली, मुलाखत घेणाऱ्यांत बसू का? बसवलं. प्रश्न तिनेच काढले, बोलायचं काम दुसरीला दिलं आणि स्वतः उत्तरं लिहून घेतली. किल्लीच्या जागेसाठी तिचा पहिला प्रश्न होता, "किल्ली हरवली तर आधी शोधशील की आधी सांगशील?"

एक सोडून सगळे म्हणाले, आधी शोधीन. किल्ली त्या एकाकडे आहे.

---